हिस्टामिन सोसत नसेल तर: खान्देशी स्वयंपाकघरातली पडताळणी, पथ्य आणि पोटाची काळजी

भरीत खाल्लं की तासाभरात कान गरम होतात आणि नाक वाहायला लागतं. रात्रीचा मटणाचा रस्सा सकाळी भाकरीसोबत खाल्ला की अंगावर पित्ताच्या गांधी उठतात. लोणच्याच्या एका फोडीने डोकं ठणकतं, पण तेच लोणचं परवा बाधलं नव्हतं. ॲलर्जीची तपासणी केली तर रिपोर्ट स्वच्छ. सेटिरिझिनची गोळी घेतली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि मग पुन्हा पहिले पाढे. असा त्रास असलेल्या काहींच्या बाबतीत मूळ कारण हिस्टामिन न सोसणं हे असू शकतं. सगळ्यांच्या बाबतीत नाही. म्हणूनच हा लेख पडताळणीपासून सुरू होतो, पथ्य नंतर येतं.

हिस्टामिन आपल्या शरीरातही तयार होतं आणि अन्नातूनही येतं. प्रथिनांमध्ये हिस्टिडिन नावाचा घटक असतो. काही जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. अन्नातून आलेलं हिस्टामिन मोडायचं काम मुख्यतः लहान आतड्याच्या अस्तरात तयार होणारं डायअमाइन ऑक्सिडेज, म्हणजे डीएओ हे विकर (एन्झाइम) करतं. हतनूर धरणाचं उदाहरण घ्या. वरून पाण्याची आवक वाढली आणि ४१ पैकी मोजकेच दरवाजे उघडे असले तर पातळी चढत जाते. इथे आवक म्हणजे ताटातलं हिस्टामिन आणि दरवाजे म्हणजे डीएओ. एकच लोणचं एक दिवस बाधतं आणि दुसऱ्या दिवशी बाधत नाही, याचं कारण यातच आहे. त्या दिवशी बाकी काय खाल्लं होतं, पोट कसं होतं, कोणती गोळी चालू होती, यावर सगळं अवलंबून असतं.

इंटरनेटवर ज्या याद्या फिरतात त्या बहुतेक युरोपातल्या जेवणाच्या आहेत. जुनं चीज, सलामी, वाइन, आंबवलेली कोबी. चोपड्याच्या किंवा साक्रीच्या घरात यातलं काय असतं? मग माणसं यादीत दिसेल ते सगळं सोडतात. केळी, टमाटे, डाळी, शेंगदाणे, दही, लिंबू सगळं बंद, आणि दोन महिन्यांत वजन आणि हिमोग्लोबिन दोन्ही उतरतात. माझं ठाम मत आहे की आपल्याकडे पहिली सुधारणा पदार्थ बदलून होत नाही, ती शिळेपण घालवून होते.

आधी डॉक्टर, मग ताट

जेवणानंतर श्वास लागणं, घसा आवळणं, ओठ-जीभ सुजणं, चक्कर येऊन पडणं यातलं काहीही झालं तर घरी वाट बघू नका, १०८ ला फोन करा. ती जीवघेणी ॲलर्जी असू शकते. ज्या पदार्थाने असं झालं तो घरी पुन्हा ‘खाऊन बघायचा’ नाही, कधीच नाही.

एरवी फिजिशियनकडे किंवा पोटविकार तज्ज्ञाकडे जाऊन दुसरी कारणं आधी बाजूला काढायची असतात: खरी अन्न-ॲलर्जी, दूध न पचणं, गव्हाचा सीलिअॅक आजार, थायरॉईड, जंत, आम्लपित्त, आणि सहा आठवड्यांपेक्षा जास्त चालणारा शीतपित्ताचा, म्हणजे अंगावर गांधी उठण्याचा आजार. धुळे, जळगाव आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या ओपीडीत ही सुरुवात करता येते. शौचातून रक्त, झोपेतून उठवणारे जुलाब, विनाकारण घटणारं वजन किंवा ताप असेल तर आहाराचे प्रयोग लगेच थांबवा.

दोन गोष्टी फार जण चुकतात. सीलिअॅकची रक्ततपासणी गहू खात असतानाच करायची असते. आधीच पोळी बंद केली तर आजार असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो. दुसरं, त्वचेवरची ॲलर्जी चाचणी करायची असेल तर सेटिरिझिनसारखी गोळी किती दिवस आधी बंद ठेवायची ते डॉक्टरांना विचारा, नाहीतर चाचणीत काही उठतच नाही.

रक्तातलं डीएओ मोजण्याच्या महागड्या तपासण्या विकल्या जातात. एकट्या त्या आकड्यावर निदान होत नाही, कारण रक्तातलं प्रमाण आणि आतड्यातलं काम यांचा मेळ नीट बसत नाही. काही काळ पथ्य करून फरक पडतो का आणि पदार्थ परत आणल्यावर त्रास परततो का, हीच अजून सगळ्यात भरवशाची वाट आहे.

औषधांची पिशवी पालथी करा

घरात चालू असलेली प्रत्येक गोळी, सिरप, चूर्ण कागदावर लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. काही औषधं डीएओच्या कामात अडथळा आणतात. अँटिबायोटिकमध्ये मिसळलेलं क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड, रक्तदाबाचं व्हेरापामिल, उलटीसाठीचं मेटोक्लोप्रामाइड ही त्यातली नावं. क्षयरोगाच्या आयसोनियाझिडनेही हे होतं, आणि ते चालू असताना टूनासारखे मासे खाल्ल्यावर अंग लाल होणं, डोकं दुखणं असे प्रकार नोंदले गेले आहेत. क्षयरोगाचं औषध मात्र कोणत्याही परिस्थितीत स्वतःहून बंद करायचं नाही. तेवढे महिने मासे टाळणं सोपं आहे.

शेतीच्या हंगामात कंबरदुखीसाठी मेडिकलमधून रोजची डायक्लोफेनॅक घेणारे खूप आहेत. ही वेदनाशामकं आतड्याच्या अस्तराला इजा करतात आणि शीतपित्त असणाऱ्यांचं पित्त भडकवू शकतात. त्यांना पर्याय काय, हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

एक आठवडा फक्त वही

या आठवड्यात काहीही सोडायचं नाही. साध्या वहीत वेळ, पदार्थ आणि त्रास लिहायचा. त्यात एक रकाना मी हट्टाने घालायला लावते: ‘हे केव्हा शिजवलं होतं?’ सकाळी सहाला केलेली आणि दुपारी एकला शेतात डबा उघडून खाल्लेली भाजी, आणि कढईतून थेट ताटात आलेली भाजी, नाव एकच असलं तरी वहीत वेगळ्या लिहायच्या. झोप, पाळीच्या तारखा, औषधं आणि दारू हेही लिहा. पाळीच्या आधी अनेकींचा त्रास वाढतो. त्या दिवशी खाल्लेल्या टमाट्याला उगाच दोष जाऊ नये.

दोन आठवडे: शिळेपण हद्दपार

भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. त्या उन्हाळ्यात ओट्यावर झाकून ठेवलेलं अन्न म्हणजे जिवाणूंची चैन. आणि एकदा अन्नात हिस्टामिन तयार झालं की ते उकळून, तळून, परतून जात नाही. ‘चांगलं खळखळून गरम केलं ना, मग काय होतंय?’ हे आपल्या घरोघरीचं वाक्य इथे उपयोगाचं नाही. उकळल्याने जिवाणू मरतात, त्यांनी आधी करून ठेवलेलं हिस्टामिन तसंच राहतं. फ्रीजमध्ये ही क्रिया मंदावते, पूर्ण थांबत नाही. फ्रीजरमध्ये जवळपास थांबते, पण आधी झालेलं तिथेही कमी होत नाही.

धोका सगळ्यात जास्त मांस-मासळीत, कारण तिथे प्रथिनं भरपूर. मटण त्याच सकाळी कापलेलं घ्या, घरी आणल्यावर तासाभरात चुलीवर चढवा आणि त्याच वेळेला संपवा. रस्सा मुरल्यावर चवीला चढतो हे खरं, पण या दोन आठवड्यांत मुरलेला रस्सा नको. उरणारच असेल तर जेवायला बसण्याआधीच बाजूला काढा. पसरट ताटात ओता, खाली गार पाणी ठेवा, वाफ गेली की लहान डब्यांत भरून फ्रीजरमध्ये. मोठं पातेलं झाकून फ्रीजमध्ये सरकवलं तर मधला भाग कितीतरी वेळ कोमट राहतो आणि सगळा खटाटोप वाया जातो. खायच्या वेळी डबा ओट्यावर वितळत ठेवायचा नाही, थेट पातेल्यात घालून गरम करायचा. ज्या गावात रात्रीची वीज जाते तिथे फ्रीजरच्या भरवशावर राहू नका. मोजकंच रांधा.

मासळीचा नियम याहून कडक. बांगडा, तारली, टूना या समुद्री माशांच्या मांसात हिस्टिडिन मुळातच जास्त असतं. किनाऱ्यावरून बर्फात येऊन आठवडी बाजारात दुपारपर्यंत पाटीत पडलेला बांगडा वरून चांगला दिसला तरी घेऊ नका, कारण हिस्टामिनला वास नसतो. सुके बोंबील, सुकट, जवळा या काळात पूर्ण बंद. नंदुरबार-नवापूर भागात उकईच्या फुगवट्यातली मासळी त्याच सकाळची मिळाली तर ती बरी. ती पकडल्यापासून किती तास झाले एवढंच विक्रेत्याला विचारायचं.

शाकाहारी घरातही नियम तोच, फक्त थोडी मोकळीक आहे. वरण-भाजी दोन वेळा ताजी करा. दुपारची रात्री चालवायची असेल तर लगेच गार करून फ्रीजमध्ये ठेवा. कणीक रोजची रोज मळा. दाण्याचा कूट, खोबरं, वाटलेला मसाला लहान बरण्यांत ठेवा, खवट वास आला की टाकून द्या.

याच दोन आठवड्यांत काय बाजूला ठेवायचं

यादी छोटीच आहे. लोणचं, खारवलेल्या मिरच्या, व्हिनेगर, सोया सॉस, टमाट्याचं केचप. आंबवलेलं पीठ: इडली, डोसा, ढोकळा, पाव. आंबट दही, ताक आणि कढी, म्हणजे फुनके (वाटलेल्या डाळीचे वाफवलेले मुटके) खायचे तर कढीशिवाय, वर तूप घालून. बिबडे आणि कुरडया, कारण ज्वारी किंवा गहू दिवसेंदिवस भिजवून आंबवल्यावरच त्या होतात. वांगं, टमाटे, पालक. मोहाची असो की बाटलीतली, दारू. दारूने डीएओचं काम अडतं, त्यामुळे सोबत खाल्लेलं साधं जेवणही बाधू शकतं.

वांग्याबद्दल लिहिताना मला जड जातं, कारण हिवाळ्यात भरताशिवाय जळगावचा माणूस कसा राहणार? बामणोदची हिरवी-पांढरी वांगी, तुराट्यांच्या जाळावर भाजून लाकडी मुसळीने ठेचलेलं भरीत, वर कांद्याची पात, बाजूला कळण्याची भाकरी. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ज्या मोजक्या भाज्यांमध्ये मुळातच हिस्टामिन सापडतं त्यांत वांगं आहे, आणि पालक आणि टमाटेही. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्र सरकारच्या अन्न-तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी वांग्याच्या ॲलर्जीचा अभ्यास करताना हे पाहिलं आहे की वांग्यातलं हिस्टामिन त्वचेच्या चाचणीत खोटी ॲलर्जी दाखवू शकतं. भाजल्याने ते जात नाही. दोन आठवडे थांबा, नंतर त्याची रीतसर परीक्षा घेऊ.

केळीचं वेगळं आहे. ती प्रत्येक यादीत असते, पण तिच्यात हिस्टामिन नगण्य असतं. तिच्यात प्युट्रेसिन नावाचा दुसरा घटक भरपूर असतो, तो डीएओला स्वतःमध्ये गुंतवून ठेवतो असं मानतात. रावेर-यावलच्या बागेतली केळी आपल्या घरात रोजची, म्हणून दोन आठवडे बाजूला ठेवून परत आणताना पहिला मान तिलाच द्या.

शेंगदाणे, अंड्याचा पांढरा भाग, पपई, लिंबू, चॉकलेट हे शरीरातलं हिस्टामिन बाहेर काढतात असं सांगतात. याचा पुरावा कच्चा आहे. वहीत त्यांच्यावर संशय दिसत नसेल तर सोडू नका. हिरवी मिरची आणि लाल तिखट मात्र निम्म्यावर आणा. मिरचीत हिस्टामिनचा प्रश्न नसला तरी तिखटाने चेहरा लाल होतो, नाक वाहतं, पोट जळतं आणि वहीतली नोंद गोंधळते.

मग खायचं काय?

पुष्कळ काही. दादरची (रब्बी ज्वारीची) किंवा बाजरीची ताजी भाकरी, पोळी, भात. मुगाचं किंवा नवापूरच्या तुरीचं वरण. गिलके, दोडके, दुधी, गंगाफळ, भेंडी, गाजर, कोबी, मेथी. ताजं दूध, घरचं पनीर, तूप. ताजं अंडं, त्याच दिवशीची कोंबडी. डाळिंब, सफरचंद, उन्हाळ्यात नदीकाठचं कलिंगड आणि खरबूज. मसाल्यात जिरं, धणे, हळद, कोथिंबीर, आलं.

सकाळी मुगाचं धिरडं करा, पण डाळ वाटली की लगेच घाला, पीठ रात्रभर ठेवू नका. दुपारी गिलक्याची भाजी, वरण-भात, भाकरी, काकडी. रात्री मुगाची मऊ खिचडी आणि तूप. पाहुणे आले तर वरण-बट्टी होतेच, फक्त घोटलेल्या वांग्याच्या भाजीच्या जागी गंगाफळाची भाजी करा. शेवभाजी टमाटे न घालता, कांदा-खोबरं त्याच वेळी भाजून, कमी तिखटाची केली तर आठवड्यातून एकदा चालायला हरकत नाही. बाहेरच्या हॉटेलातली नको. तिथला मसाला कधी वाटलेला आहे ते कळायला मार्ग नाही.

दोन आठवड्यांत निम्म्याहून जास्त आराम वाटला तर पुढे चला. थोडासाच वाटला तर आणखी दोन आठवडे द्या. चार आठवड्यांत काहीच फरक नाही? मग कारण हिस्टामिन नसावं. पथ्य सोडा, नेहमीचं जेवा आणि डॉक्टरांकडे परत जा. आणखी कडक पथ्य करून बघू, हा मोह पडतो आणि माणूस खंगत जातो.

लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, मधुमेही आणि अशक्त वृद्ध यांनी हे दोन आठवडेही आहारतज्ज्ञ किंवा डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नयेत.

एकेक पदार्थ घरी परत

ही पायरी लोक गाळतात, कारण बरं वाटत असताना पुन्हा कशाला विषाची परीक्षा, असं वाटतं. पण हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. त्रास शांत असलेल्या दिवशी एक पदार्थ घ्या. पहिल्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी नेहमीएवढा, तिसऱ्या दिवशी काहीच नवीन नाही, फक्त वही. आजारपणात, पाळीच्या आधी, जागरणानंतर किंवा लग्नघाईत चाचणी घ्यायची नाही.

क्रम असा बरा पडतो: केळी, मग टमाटे, मग ताजं गोड दही, मग ताजा ढोकळा, पालक आणि वांगं. बिबडे, कुरडया आणि लोणचं शेवटी.

वांग्याची चाचणी अशी घ्या. त्याच दिवशी तोडलेलं, कोवळं, कमी बियांचं वांगं. दुपारचं जेवण, रात्रीचं नाही, म्हणजे काय होतंय ते जागेपणी दिसेल. लसूण, कोथिंबीर, थोडीशी मिरची एवढंच घालून दोन चमचे भरीत, ताज्या भाकरीशी. सोबत दही, लोणचं, टमाट्याची कोशिंबीर काही नको. पुढचे चार तास डोकं, नाक, त्वचा, पोट यांच्याकडे लक्ष ठेवा. काही झालं नाही तर दुसऱ्या दिवशी वाटीभर. तेव्हा त्रास झाला तर तुमची मर्यादा दोन चमचे आणि वाटी यांच्या मध्ये कुठेतरी आहे. भरीत आयुष्यातून गेलं असा त्याचा अर्थ नाही. एका बैठकीत किती आणि त्या दिवशी सोबत काय, एवढंच सांभाळायचं. बहुतेकांची गाडी अशाच एखाद्या मापावर येऊन थांबते.

पोट दुरुस्त झालं तर मर्यादा वाढते

डीएओ आतड्याच्या अस्तरात तयार होतं, म्हणून अस्तर दुखावलं की ते कमी पडतं. मोठा जुलाब, अँटिबायोटिकचा लांबलेला कोर्स, सीलिअॅक, आतड्याची सूज यानंतर त्रास सुरू झाला असेल तर मूळ आजाराचा उपचार हाच खरा उपचार. पथ्याने आवक कमी होते, पण बंद दरवाजे उघडायचे तर पोटाकडेच बघावं लागतं.

घरी करण्यासारखं साधं आहे. पाणी उकळून किंवा नीट गाळून प्या, विशेषतः पावसाळ्यात टँकर-विहिरीचं असेल तर. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. चोथा वाढवायचा तो हळूहळू, आठवड्याला एक भाजी किंवा एक भाकरी वाढवून. एकदम वाढवला तर पोट फुगतं आणि दोष पुन्हा हिस्टामिनला जातो. जेवणाच्या वेळा ठरलेल्या ठेवा, रात्री दहाला पोटभर जेवून लगेच आडवं होऊ नका. तीळ, डाळी, आवळा, पेरू, शेवगा यांतून तांबं, बी-६ आणि क जीवनसत्त्व मिळतं. त्यांची कमतरता नसेल तर गोळ्यांची गरज नाही.

पोटासाठी दही-ताक चांगलं असं सगळे सांगतात, पण इथे जपून. काही जिवाणू स्वतःच हिस्टामिन तयार करतात आणि घरच्या विरजणात कोणते आहेत हे सांगता येत नाही. संध्याकाळी ताज्या विरजणाने लावलेलं दही सकाळी आंबट व्हायच्या आत, दोन चमच्यांपासून सुरू करा. प्रोबायोटिकच्या कॅप्सूलचंही तसंच. डब्यावर जिवाणूंची नावं लिहिलेली नसतील तर ती घेऊ नका. असतील तर नाव डॉक्टरांना दाखवून, एका वेळी एकच प्रकार.

डीएओच्या कॅप्सूल परदेशी कंपन्यांच्या नावाने ऑनलाइन मिळतात. त्यातल्या बऱ्याच डुकराच्या मूत्रपिंडापासून केलेल्या असतात, शाकाहारी घरांनी लेबल वाचूनच निर्णय घ्यावा. त्यांनी अन्नातल्या हिस्टामिनला थोडी मदत होऊ शकते, पण त्या महाग आहेत आणि पथ्याची जागा घेत नाहीत. मोड आलेल्या वाटाण्यात डीएओ असतं म्हणून मोडांची उसळ औषध म्हणून खाणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की शिजवल्यावर ते विकर निकामी होतं.

लग्नसराई आणि डब्याचा प्रश्न

लग्नात पहिल्या पंगतीला बसा. दुपारी दोननंतर वाढलेली वांग्याची भाजी पहाटेची असते. बट्टी, वरण, तूप, भात घ्या, लोणचं आणि मठ्ठा टाळा. शेतात किंवा कारखान्यात डबा न्यायचा असेल तर रस्साभाजीपेक्षा कोरडी भाजी, भाकरी आणि वेगळ्या डबीत भाजलेलं जिरं-तीळ. मटण-अंडं डब्यात नको. गाडीत किंवा उन्हात डबा ठेवू नका, ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा.

सहा महिन्यांनी बाधणारे पदार्थ पुन्हा एकदा थोडे-थोडे करून बघा. पोट सुधारलेलं असेल तर आधी न चाललेली वाटीभर भाजी आता चालू शकते, आणि मग ती यादीतून काढून टाका.